उशाखालची पुडी

बिरादारांच्या घरात हिरा यायचा म्हणजे आधी त्याला तीन रात्री उशाखाली घेऊन झोपायचं, अशी रीत. सोन्याचं काही नाही, सोनं कुणाच्याही अंगाला लागतं. हिरा मात्र माणूस पाहून राहतो, लाभला तर घर भरतो आणि नाही लाभला तर भरलेलं घर रिकामं करतो, असं सावित्रीबाईंच्या माहेरी मानत. लग्न होऊन आल्या तेव्हा भांड्यांबरोबर ही रीतही त्या सासरी घेऊन आल्या. ज्याचं लग्न त्याच्या उशाखाली हिऱ्याची पुडी ठेवायची. त्याने ती उघडायची नाही. तीन सकाळी त्याला विचारायचं, काय स्वप्न पडलं. चांगलं पडलं किंवा काहीच पडलं नाही तर हिरा ठेवायचा. वाईट पडलं तर पुडी दुकानात परत.

या रीतीत एक भलंमोठं भोक होतं. सगळी भिस्त झोपणाऱ्याच्या शब्दावर. पण निलंग्याकडची शेती सोडून हैदराबादेत येऊन दोन पिढ्या झाल्या तरी ते भोक कुणाला दिसलं नव्हतं, कारण स्वप्नाबद्दल आईशी खोटं बोलावं असं कुणाच्या मनातच कधी आलं नव्हतं. ते नशीब रितेशचं.

रितेश म्हणजे सावित्रीबाईंचा एकुलता एक. वय तीस, औषधांच्या कारखान्यात नोकरी, आणि नोकरी अशी की दिवसभर दिव्याखाली गोळ्या पाहायच्या आणि ज्या गोळीवर ठिपका दिसेल ती बाजूला काढायची. हजारात एक खराब गोळी त्याला चटकन दिसे. माणसांच्या बाबतीत मात्र तो अगदीच आंधळा होता. समोरचा हसला की हा म्हणे, खूश आहे. वडील उमाजीराव रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. मलकपेठेत रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर घर, आणि त्या घरात गेले दोन महिने एकच विषय चालला होता.

विषय केतकीचा. केतकी जगताप. तिचे वडील उदयराव पुण्याचे, कंप्युटरच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, बारा वर्षांपूर्वी बदलीवर आले आणि कोंडापूरला फ्लॅट घेऊन राहिले. मराठी मंडळाच्या हळदीकुंकवात तिची आई सुजाताबाई आणि सावित्रीबाई शेजारी शेजारी बसल्या, आणि तिळगूळ संपायच्या आत पत्रिका मागून झाली. पुण्याची माणसं, म्हणजे बोलणं तोलूनमापून. सावित्रीबाईंना आधी धाकधूक होती. पण पोरगी घरी आली, स्वयंपाकघरात पाट ओढून बसली आणि ‘काकू, मला ही अंबाडीची भाजी शिकवा’ म्हणाली. तिथेच सावित्रीबाईंनी तिला मनाने सून करून टाकली.

आणि रितेशचं काय विचारता. तो पार बुडाला होता. केतकी त्याच्या मराठीला हसायची. तो ‘मी यायलो’ म्हणाला की ती फोनवर खिदळायची, आणि पुढे पुढे स्वतःच ‘काय करायलास?’ असं विचारायला लागली, मुद्दाम, चिडवायला. टँक बंडवर, तलावाच्या कठड्यावर, शेंगदाण्याचा कागद हातात घेऊन बसली की निम्मे दाणे सोलून त्याच्या बाजूला ठेवायची, बोलता बोलता, तिच्या लक्षातही न येता. त्या दाण्यांवर या शहाण्याने आयुष्याचे बेत रचले.

साखरपुडा तीन आठवड्यांवर आला तेव्हा अंगठी घ्यायला सगळे आबिड्सला विजयसेठच्या दुकानात गेले. जुनं ओळखीचं दुकान. पुडी घरी नेऊन तीन दिवसांनी परत आणली तरी भुवई न उचलणारा हा एकच माणूस उरला होता. केतकी ऑफिसातून परस्पर आली. विजयसेठने पांढऱ्या कागदावर दोन हिरे मांडले. एक तुरीच्या डाळीएवढा, दुसरा मुगाएवढा. पैसे दोघांचे सारखेच.

“बडा लेओ तो दाग है, साफ लेओ तो छोटा है,” विजयसेठ म्हणाला. “एक दाम में दोनों कैसा मिलता, अम्मा?”

मोठ्या हिऱ्यात भिंगातून पाहिलं तर एक काळा कण दिसे, आणि रंगही जरासा पिवळट. धाकटा अगदी निर्मळ. झालं, दुकानातच जुंपली. उमाजीरावांचं म्हणणं, मांडवात भिंग घेऊन कोण येतंय? माणसं बोट बघतात आणि डोळ्यांना दिसतो तो मोठा. शिवाय सुजाताबाईंनी फोनवर सहज, अगदी सहज, सांगून ठेवलं होतं की आमच्याकडे बघणारे फार आहेत हो. पुणेकरांचं सहज म्हणजे काय ते उमाजीरावांना पार्सल ऑफिसातल्या चाळीस वर्षांत कळलं होतं. सावित्रीबाईंचं म्हणणं, काळा कण पोटात घेऊन बसलेला दगड सुनेच्या बोटात घालायचा म्हणजे सुखातल्या जिवाला दुःखात घालायचं. लहान तर लहान, पण साफ पाहिजे. रितेशलाही साफच हवा होता. ठिपकेवाली गोळी बाजूला काढायची त्याच्या हाताला सवयच होती.

केतकीला विचारलं तर ती म्हणाली, कुठलाही चालेल. रितेशला वाटलं, काय समजूतदार मुलगी आहे. अरे गाढवा, जिला लग्न करायचंय ती मुलगी अंगठीला ‘कुठलाही चालेल’ म्हणते का कधी?

मग वाद मिटवायला सावित्रीबाईंनी रीत काढली. आधी मोठा नेऊ, तीन रात्री ठेवू, काय ते तोच सांगेल. आणि नव्या सुनेला समजावं म्हणून त्यांनी नामदेवमामांची गोष्ट तिथेच, काउंटरला टेकून सांगितली. त्यांचे मामा नामदेवराव, चाळीस वर्षांपूर्वी त्यांच्यासाठी उदगीरची एक मुलगी ठरली होती. आजीचा हिरा उशाखाली ठेवला. तिसऱ्या रात्री मामांना स्वप्न पडलं की समोरचा वरचा दात पडून तळहातावर आला. सकाळी निरोप गेला, हिरा लाभला नाही, लग्न मोडलं. पण वाईट कुणालाच वाटलं नाही. मुलगी दुसऱ्या चांगल्या घरी पडली, आजही दोन्ही घरांत संक्रांतीला येणं-जाणं आहे. दोष ना मुलीचा, ना मुलाचा. दोष दगडाचा.

केतकी ही गोष्ट फार मन लावून ऐकत होती. ‘मग खरंच मोडलं?’ असं तिने दोनदा विचारलं. सावित्रीबाईंना तिचं कौतुक वाटलं. आजकालच्या मुली असलं ऐकून घेतात कुठे?

पुडी बांधून होईपर्यंत केतकी म्हणाली, आम्ही चहा घेऊन येतो. दोघं पलीकडच्या इराणी हॉटेलात जाऊन बसली. तिने चहाला हात लावला नाही.

“रितेश, ऐक ना,” ती म्हणाली. “हिरा लाभला नाही म्हणून आपलंही मोडू दे ना. प्लीज.”

तो हसला. त्याला वाटलं चिडवते आहे. तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं दिसलं तेव्हा हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, काढायचं कसं ते त्याला कळेना.

मग तिने सगळं सांगितलं, टेबलाकडे पाहत. सौरभ नावाचा एक मुलगा होता, बंगळूरला. चार वर्षं झाली. गेल्या दिवाळीत तिने घरी सांगितलं आणि त्याच आठवड्यात उदयरावांच्या छातीत दुखायला लागलं. दोन स्टेंट बसले. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, डॉक्टरांनी तसं सांगितलंही, पण आई म्हणाली, बघ, काय केलंस ते. तेव्हापासून घरात सौरभचं नाव कुणी घेत नाही. नंतर हे स्थळ आलं तेव्हा तिला नाही म्हणता आलं नाही. तिचा नकार सरळ वडिलांच्या छातीत जाऊन बसणार.

“पण तुमच्याकडून मोडलं तर बाबा फक्त चिडतील,” ती म्हणाली. “अंधश्रद्धाळू लोक म्हणून दोन दिवस शिव्या देतील तुम्हाला. राग त्यांना चालतो रे. दुःख नाही चालत.”

रितेशने विचारलं, मग इतके दिवस का नाही बोललीस? तर म्हणाली, तुझ्यात काहीतरी खोट शोधत होते, म्हणजे तेच कारण सांगता आलं असतं. सापडलीच नाही.

त्याला खूप काही बोलायचं होतं. त्या सोललेल्या शेंगदाण्यांचं काय, हे विचारायचं होतं. तो फक्त ‘बघतो’ म्हणाला. बापाने पार्सल ऑफिसात आयुष्यभर हाच शब्द वापरला होता, तो आज लेकाच्या कामी आला.

पहिल्या दिवशी सकाळी सावित्रीबाईंनी चहाचा कप पुढे ठेवत विचारलं, तेव्हा त्याने काहीच पडलं नाही म्हणून सांगितलं, आणि ते खरंही होतं. दुसऱ्या दिवशीही तेच. त्याच्या मनात चोर शिरला होता. त्याला काहीच करायचं नव्हतं. खोटं बोलायचं नाही, कुणाचं वाईट करायचं नाही, फक्त गप्प राहायचं. गप्प राहिलं की केतकी त्याची होणार होती. लग्न झाल्यावर माणसं रुळतात, सगळेच म्हणतात. सौरभ बंगळूरला आहे, आपण इथे आहोत. असं स्वतःला समजावून तो आरशासमोर गाणं गुणगुणत दाढी करत होता, आणि आत सावित्रीबाई ते ऐकून उमाजीरावांना म्हणत होत्या की तुमचा मोठाच लाभायलाय वाटतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केतकीचा फोन आला. तिने विनवण्या केल्या नाहीत, काही आठवण करून दिली नाही. थोडं इकडचं तिकडचं बोलली आणि म्हणाली, “तुला झोप लागते का रे? मला महिनाभर लागलेली नाही.” एवढंच. विनवलं असतं तर त्याला नाही म्हणता आलं असतं. महिनाभर न झोपलेल्या मुलीला काय उत्तर द्यायचं?

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने चहाकडे पाहत सांगितलं की स्वप्नात समोरचा दात पडला. वरचा. हातात आला.

सावित्रीबाईंच्या हातातली गाळणी तशीच राहिली. उमाजीरावांनी पेपर खाली केला. रितेश वाट पाहत बसला; आता आई खाली बसेल, पदर डोळ्याला लावेल, मग बाबा जगतापांना फोन करतील. सावित्रीबाई क्षणभर त्याच्याकडे टक लावून पाहत राहिल्या. मग गाळणी ठेवून त्या नवऱ्याकडे वळल्या आणि त्यांच्या आवाजात विजयाची धार आली.

“मी म्हणलं नव्हतं? पोटात काळं असलेला दगड तो. घ्या आता तुमचा मोठा.”

उमाजीराव ओशाळले. रितेशने चाचरत विचारलं की मग लग्नाचं काय, मामांचं तर मोडलं होतं.

“त्या वक्ताला एकच हिरा होता घरात,” सावित्रीबाई म्हणाल्या. “आता आबिड्सला काय कमी पडलेत का? हिरा बदलू की. पोरगी कायला बदलायची?”

म्हणजे करायला गेला काय आणि झालं काय. दुकानातलं लहान-मोठ्याचं भांडण त्याच्या एका खोट्या दाताने मिटवलं, तेही आईच्या बाजूने. दुपारी सावित्रीबाई स्वतःच आबिड्सला जाऊन मोठा परत करून धाकटा घेऊन आल्या. सुजाताबाईंचा फोन आला, लहान का हो घेताय, काही अडचण आहे का? उमाजीरावांनी घाम पुसत साफपणाचं महत्त्व त्यांना समजावून सांगितलं, जे त्यांना स्वतःलाच पटलेलं नव्हतं. आणि रितेशने केतकीला सांगितलं तेव्हा ती आधी हसली, खूप हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

“हिरा बदलू, असं म्हणाल्या?” तिने विचारलं. “मला कुणी इतकं धरून ठेवलंच नव्हतं रे.” मग नाक पुसून म्हणाली, “अजून तीन रात्री आहेत.”

शनिवारपासून दुसरी पुडी लागली. या वेळी सावित्रीबाईंनी स्वतः नवं फडकं फाडून त्यात पुडी गुंडाळली, हळदीकुंकू लावलं आणि स्वतःच्या हाताने त्याच्या उशाखाली सरकवली. रविवारी सकाळी त्याने काही नाही म्हणून सांगितलं. सोमवारीही. या दोन दिवसांत मात्र चोर वगैरे काही नव्हता मनात. करायचं ते ठरलं होतं. फक्त आणखी दोन दिवस केतकीचा नवरा म्हणवून घ्यायचं होतं, वाण्याने ‘लग्न कधी भाऊ’ विचारलं तर लाजायचं होतं. मरणाऱ्यालाही शेवटचं पाणी पाजतात. या दोन दिवसांत दाढी करताना तो गायला नाही.

मंगळवारी सकाळी उमाजीराव दुधाला आणि कोथिंबिरीला गेले होते. स्वयंपाकघरात सावित्रीबाई एकट्या भाकऱ्या थापत होत्या. रितेश दारात उभा राहिला आणि विचारायच्या आधीच बोलायला लागला. मांडव भरलाय, माणसं जमलीत, मी केतकीच्या बोटात अंगठी घालायलो आणि ती बोटातून निसटून खाली जायली, मी खाली वाकलो तर खाली विहीर. अंगठी खाली खाली जाताना दिसायली, आणि वर पाहिलं तर केतकी नाही. सगळे मला विचारायलेत, नवरी कुठंय. हे स्वप्न त्याने कुणाच्या गोष्टीतून घेतलं नव्हतं. गेल्या आठ दिवसांत जागेपणी त्याने ते इतक्यांदा पाहिलं होतं की सांगताना त्याचा आवाज खरोखर फाटला.

सावित्रीबाईंनी तव्यावरची भाकरी उतरवली, गॅस बंद केला. हात पुसले. आतल्या खोलीत गेल्या आणि उशाखालची पुडी घेऊन आल्या. ओट्यावर ठेवून त्यांनी फडक्याची गाठ सोडली, मग कागदाच्या घड्या, एकेक.

आत खडीसाखरेचा एक खडा होता.

“हिरा देवापाशी आहे,” सावित्रीबाई म्हणाल्या. “शनिवारपासून.”

रितेशने आधी खड्याकडे पाहिलं, मग देवघराकडे.

“तुझा दात पडला ना, तवाच मला वाटलं,” त्या म्हणाल्या. “समोरचा, वरचा, तळहातावर. अगदी मामाचाच दात. मी दुकानात सांगितलेला. दुसऱ्याचं स्वप्न पडतं का रे कुणाला?” त्यांनी पुडी पुन्हा मिटायला सुरुवात केली आणि मधेच सोडून दिली. “वाटलं, माझ्याच मनाची पापं. म्हणून साखर ठेवली, हिराच न्हाई तर वाईट स्वप्न कशाचं पडायचं? देवा, पोराला खरं बोलू दे म्हणलं. कोण नको म्हणतंय, सांग.”

“मला नको आहे,” रितेश म्हणाला.

त्या त्याच्याकडे पाहत राहिल्या. रागाने नाही. लहानपणी तो तापाने फणफणला की जशा कपाळावर हात ठेवून पाहत, तशा.

“तुला नको असतं तर पहिल्याच रात्री दात पडला असता. तू दोन दिवस गाणी म्हणत दाढी केलास. मी आई आहे, बहिरी न्हाई.”

यावर तो रडला. तीस वर्षांचा बाप्या, दाराच्या चौकटीला कपाळ लावून, आवाज न करता. सावित्रीबाईंनी त्याला जवळ घेतलं नाही, कारण घेतलं असतं तर त्याही कोसळल्या असत्या. त्यांना केतकीचा राग आला होता, अगदी तळापासून राग आला होता. सरळ यायचं होतं माझ्याकडे, म्हणायचं होतं काकू, मला दुसरा आवडतो. माझ्या देवाला, माझ्या रीतीला मधे कशाला घातलंस? आणि त्याच वेळी पाटावर बसून अंबाडीची पानं खुडणारी ती पोर त्यांना दिसत होती, आणि तिचं काही वाईट व्हावं असं त्यांच्या मनातही येईना. त्यांनी फक्त विचारलं, तिच्या घरी माहीत आहे का? त्याने नाही म्हणून मान हलवली. तिच्या वडिलांच्या छातीचं सांगितलं, दोन वाक्यांत. सौरभचं नाव त्याने घेतलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही.

मग सावित्रीबाईंनी डोक्यावरून पदर घेतला, जसा पूजेला बसताना घेत, आणि म्हणाल्या, “लाव फोन त्यांना.”

रितेश म्हणाला, बाबांना येऊ दे, बाबा बोलतील. तर म्हणाल्या, त्यांना खोटं बोलता येत नाही. जसं काही यांना येत होतं. जन्मात देवाच्या बाबतीत एक अक्षर इकडचं तिकडं केलं नव्हतं या बाईने. एकदा उपासाला चुकून साबुदाण्यात हळद पडली तर आठ दिवस देवापुढे नाक घासत होत्या.

उदयरावांनी फोन उचलला. सावित्रीबाई ओट्याला टेकून, एका हाताने ओट्याची कड घट्ट धरून उभ्या होत्या. त्यांनी आधी तब्येतीची चौकशी केली. गोळ्या वेळेवर घेता ना, विचारलं. मग म्हणाल्या की भाऊ, हिरा लाभला नाही. दोनदा ठेवून पाहिला. आमच्यात अशी रीत आहे, पुढं जाता येणार नाही.

पलीकडून काय बोलणं होत होतं ते रितेशला शब्दशः ऐकू येत नव्हतं, पण आवाज चढत गेलेला कळत होता. मधे एकदा ‘एकविसाव्या शतकात’ एवढं स्पष्ट ऐकू आलं. मग ‘खेडवळ’. मग ‘मुलीचं नशीब म्हणून आधीच कळलं’. सावित्रीबाई ऐकत होत्या. त्यांच्या माहेरचं नाव चार गावांत मानाने घेतलं जाई. मंडळात त्यांच्याशिवाय मुहूर्त कुणी काढत नसे. रितेशला वाटलं हातातून फोन हिसकावून घ्यावा आणि ओरडून सांगावं की माझ्या आईला बोलू नका, जाऊन तुमच्या मुलीला विचारा. एका वाक्याचं काम होतं. त्या एका वाक्याने आईची अब्रू वाचली असती आणि दुसऱ्या माणसाच्या छातीचं काय झालं असतं कुणास ठाऊक. तो हललाच नाही. त्याने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि भिंतीवर दाबून धरले.

“हो, भाऊ,” सावित्रीबाई म्हणत होत्या. “बरोबर आहे तुमचं. आम्ही अडाणीच माणसं. आमचं चुकलंच. पोरीला बोल लावू नका, तिचं काहीच न्हाई यात.”

फोन ठेवला तेव्हा त्यांच्या हाताची बोटं पांढरी पडली होती. त्या परत शेगडीकडे वळल्या, गॅस पेटवला, अर्धी भाजलेली भाकरी पुन्हा तव्यावर टाकली.

तेवढ्यात उमाजीराव दूध घेऊन आले. सावित्रीबाईंनी पाठमोऱ्याच सांगितलं की दुसराही लाभला नाही आणि जगतापांना कळवलं. उमाजीराव मटकन खुर्चीत बसले. आपली बायको लग्न मोडते आणि तेही न विचारता, हे त्यांच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. मग दुधाची पिशवी मांडीवर तशीच ठेवून ते हळूच म्हणाले, “मी म्हणलो होतो, मोठाच घ्या म्हणून. मोठ्याला एकच दात पडला होता.”

रितेशच्या खिशातला फोन वाजायला लागला. केतकी. वाजून थांबला, पुन्हा वाजला.

“उचल,” सावित्रीबाई म्हणाल्या, भाकरी उलटत. “रडत असंल तिकडं. घाबरू नको म्हण.”

तो फोन घेऊन गॅलरीत गेला नाही, तिथेच उभा राहिला. केतकीला नीट बोलता येत नव्हतं. बाबा फार चिडलेत पण बरे आहेत, आत्ताच नाश्ता मागितला, असं ती रडत रडत सांगत होती. खरंच थँक यू, रितेश, म्हणत होती. मग थोडी सावरून तिने विचारलं की काकू काय म्हणाल्या, त्यांना काही कळलं तर नाही ना?

रितेशने आईकडे पाहिलं. ओट्यावर उघड्या कागदात खडीसाखरेचा खडा तसाच पडला होता आणि आई त्याच्या शेजारी भाकरीला हात फिरवत होती, त्याच्याकडे पाठ करून, सगळं ऐकत.

“काही नाही,” तो म्हणाला. “हिरा लाभला नाही, म्हणाली.”